टोक वर आलेला घडीचा चाकू : कानस लावावी की निवृत्त करावा?

काठावरचा

गेली सत्तावीस वर्षे माझ्या खिशात एकच घडीचा चाकू आहे, आणि आता त्याच्याबाबत मला एक निर्णय घ्यायचा आहे. हा चाकू वारशाने आलेला नाही किंवा कोणी भेट दिलेलाही नाही. मीच तो घेतला, आणि घेताना त्यात फार काही पाहिले होते असेही नाही. मिटलेला असताना तो साडेदहा सेंटिमीटर भरतो. पाते आठ सेंटिमीटरचे, साध्या कार्बन पोलादाचे. मूठ शिंगाची, आतून पितळी पत्रे लावलेली. त्याला कुलूप नाही. पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर पाते उघडे राहते आणि त्याच दाबावर मिटलेले राहते.

या चाकूने मी गळाची दोरी कापली आहे, वल्ह्यात अडकलेले जाळे सोडवले आहे, बदके आणि ससे साफ केले आहेत, आणि मासे तर किती केले याची गणतीच नाही. मासा साफ करताना त्याची खरी गंमत कळते. गुदद्वारापाशी टोक जेमतेम दोन मिलिमीटर आत घालायचे, धार वरच्या अंगाला ठेवायची आणि कल्ल्यांपर्यंत एका दमात सरकत जायचे, म्हणजे आतडे फुटत नाही आणि पित्ताशयही शाबूत राहते. नव्या चाकूने हे करताना मला प्रत्येक वेळी टोक कोठे आहे ते पाहावे लागते. या चाकूचे टोक कोठे आहे ते माझ्या अंगठ्याला ठाऊक असते, कारण शिंगावर अंगठ्याच्या दाबाने एक उथळ खळगा पडला आहे आणि त्यात अंगठा बसला की बाकीचा हात आपोआप जागेवर येतो.

अडचण अशी आहे की पाते झिजले आहे. मासेमारीच्या वहीत मी माशांच्या बाह्यरेषा पेन्सिलीने काढून ठेवत असे आणि मापासाठी शेजारी उघडा चाकू ठेवून त्याचीही रेषा काढत असे. परवा त्यातल्या पहिल्या वर्षीच्या एका पानावर चाकू ठेवून पाहिला, तर पोटापाशी अठरा मिलिमीटर रुंद असलेले पाते आता तेरा मिलिमीटर भरले. पाच मिलिमीटर पोलाद मी स्वतःच्या हाताने निसण्यावर घासून घालवले आहे, आणि ते एकदम घालवले असते तर मला रडू आले असते.

धारेकडून पाते झिजत गेल्यामुळे टोक हळूहळू पाठीकडे सरकले, आणि आता चाकू मिटला तरी टोक मुठीच्या कडेपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर वर राहते. गेल्या आठवड्यात खिशात हात घातला आणि अनामिकेत टोक रुतले. जखम किरकोळ होती, पण मिटलेला चाकू टोचतो ही गोष्ट मला मुळीच आवडली नाही.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. टोक पाठीच्या बाजूने घासून खाली आणावे. पाते मुठीत अधिक खोल बसेल अशी काही तजवीज करावी. किंवा चाकू कपाटात ठेवून नवा घ्यावा. तिसरी वाट मी केवळ प्रामाणिकपणासाठी लिहिली आहे. तरीही जाणकारांनी निःसंकोच सांगावे.

जुना निसणा

पाते जागेवर धरून ठेवण्याइतका दाब स्प्रिंगमध्ये अजून आहे का, हे लिहिलेले नाही. पाते अर्धे उघडून सोडल्यावर ते कोणत्याही एका बाजूला खटकन जात असेल आणि उघड्या स्थितीत डावी-उजवीकडे हलत नसेल, तर चाकू निरोगी आहे असे समजून पुढचे वाचावे.

आपण ज्याला 'काही तजवीज' म्हणता तिची जागा पात्याच्या मुळाशी आहे. चाकू पूर्ण उघडा आणि धार जेथे संपते त्याच्या मागे, मुठीच्या धातूच्या तोंडापाशी पाहा. तेथे खालच्या अंगाला एक छोटा उंचवटा दिसेल. चाकूवाले त्याला किक म्हणतात. चाकू मिटतो तेव्हा पाते याच उंचवट्यावर, स्प्रिंगला टेकून उभे राहते; त्यामुळेच धार स्प्रिंगवर आपटत नाही. हा उंचवटा किंचित कमी केला की पाते तेवढे खोल बसते आणि टोक खाली जाते.

यातली मेख 'किंचित' या शब्दात आहे. पाते ज्या खिळ्यावर फिरते त्यापासून किक साधारण आठ मिलिमीटरवर असते, तर आपल्या मापाच्या चाकूचे टोक त्याच खिळ्यापासून अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरवर असेल. म्हणजे तरफेचे गुणोत्तर अकरापट झाले. किक ०.१ मिलिमीटर घासली की टोक १.१ मिलिमीटर खाली उतरते. आपल्याला टोक दीड मिलिमीटर खाली आणून वर थोडी सवलत ठेवायची आहे, तेव्हा ०.२ मिलिमीटरपेक्षा अधिक घासण्याचे कारणच नाही. दोन कागदांची जाडी जेवढी, तेवढेच. मी स्वतः पहिल्यांदा हे काम केले तेव्हा कानशीचे दहा-बारा हात सरळ मारले आणि त्या चाकूची धार कायमची स्प्रिंगवर बसवून ठेवली. तो चाकू माझाच होता, म्हणून कोणाला उत्तर द्यावे लागले नाही.

आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, धारेच्या टाचेपाशी, म्हणजे मुळाजवळच्या टोकाला, किती जागा शिल्लक आहे. निसण्यावर पोट झिजते, टाच मात्र बहुधा तशीच राहते, कारण मुठीमुळे दगड तेथवर नीट पोचत नाही. म्हणून पाते खोल बसवल्यावर सर्वांत आधी टाचच स्प्रिंगला लागते. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला मार्करची शाई लावा, चाकू हळूच मिटा, पुन्हा उघडा. शाई कोठे पुसली गेली ते पाहिले की उत्तर मिळते. दुसरी गोष्ट नखाच्या खाचेची. पाते आत गेले की खाचही आत जाते. खाच मुठीआड गेली तर चाकू उघडायचा कसा, हा प्रश्न उरतो.

सगळे ठीक असेल तर धारेवर जाड चिकटपट्टी लावून, हिऱ्याची कणी लावलेल्या बारीक कानशीने तीन-चार हात मारावेत आणि प्रत्येक वेळी मिटून पाहावे. साधी कानस कदाचित घसरेल, कारण मुळालाही बऱ्याचदा पाणी दिलेले, म्हणजे तापवून आणि विझवून कठीण केलेले, असते. फिरत्या कोरड्या चाकाच्या जवळपासही जाऊ नये. पात्याचा रंग गवती पिवळा झाला की पाणी उतरायला लागले असे समजावे, आणि निळा झाला, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसला पोचला, की तेवढ्या भागाचा कठीणपणा गेलाच.

रानवाट

वरचा सल्ला कारागिरीच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. कुलूप नसलेला चाकू शिकारीच्या कामाला सत्तावीस वर्षे वापरणे हे कौतुकाचे आहे की नशिबाचे, याचा विचार व्हावा. जनावराचे पोट उघडताना हात कोपरापर्यंत ओला असतो, चरबीने मूठ निसटते, अनेकदा अंधार पडत आलेला असतो आणि बोटे गारठलेली असतात. अशा वेळी पाते उलट बाजूने दाबले गेले तर स्प्रिंग ते थोपवू शकत नाही.

माझ्याकडे बक ११० आहे. १९६० च्या दशकात हा नमुना बाजारात आला आणि त्यानंतर घडीचा शिकारी चाकू म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. पितळी तोंडे, लाकडी मूठ, पावणेचार इंचांचे पाते, आणि मुठीच्या पाठीवर मागच्या टोकापाशी दाबायचे कुलूप. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे तो खिशात ठेवण्याचा चाकू नव्हेच. तो पट्ट्याला, म्यानात शोभतो. मात्र पाते उघडताना शेवटी येणारा 'खट्' आवाज ऐकला की ते आता हलणार नाही याची खात्री पटते. हरणाच्या कातडीखाली दोन बोटे घालून, त्या बोटांच्या मध्ये धार वर ठेवून पाते चालवताना मला ती खात्री हवी असते.

त्याच्यावर माझेही प्रेम आहे, हे लपवत नाही. पितळ काळे पडले आहे आणि मी ते मुद्दाम घासत नाही. परंतु ज्या दिवशी त्याचे कुलूप निसटेल त्या दिवशी मी तो बाजूला ठेवीन. आपला चाकू मिटलेल्या स्थितीतच टोचू लागला आहे. माझ्या मते त्याने आपल्याला सूचना दिली आहे.

पाणकावळा

मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणते की मासे साफ करण्यासाठी घडीचा चाकूच नको, कुलूप असो वा नसो. मुठीच्या आतली फट हे त्याचे कारण आहे. खवले, रक्त आणि चरबी तेथे शिरते, स्प्रिंगखाली जाऊन बसते आणि आपण वरून कितीही धुतले तरी खिळ्याभोवतीचा भाग स्वच्छ होत नाही. एकसंध पात्याची आणि गुळगुळीत मुठीची सुरी दोन मिनिटांत धुऊन होते. मी मासे साफ करण्यासाठी लवचीक पात्याची सुरी डब्यात ठेवते. घडीचा चाकू फक्त दोरी कापण्यासाठी, गाठी सोडवण्यासाठी आणि गळ अडकला तर झुडपाची काडी छाटण्यासाठी खिशात असतो. एकाच चाकूकडून सगळी कामे करून घेण्याचा हट्ट मला कळत नाही.

काठावरचा

तिघांचेही आभार. क्रमाने लिहितो.

स्प्रिंगचा दाब उत्तम आहे. अर्ध्यावर सोडले तर पाते आपणहून मिटते. उघडल्यावर डावीकडे केसभर हलते, पण ते गेली दहा वर्षे तेवढेच हलत आहे.

कुलपाबाबत 'रानवाट' यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, कारण मला त्याची किंमत ठाऊक आहे. तिसऱ्या की चौथ्या वर्षी ओल्या लाकडातून एक रुतलेला गळ काढताना मी टोकाने उकरत होतो, आणि टोक लाकडात अडकले असताना मूठ पुढे रेटली. पाते मिटले आणि तर्जनीच्या मधल्या पेरावर बसले. तो व्रण अजून आहे. दोष पूर्णपणे माझा होता. उकरणे हे चाकूचे कामच नव्हे. त्या दिवसापासून मी या चाकूने फक्त ओढून कापतो, रेटत नाही. खरे म्हणजे कुलूप नसल्यामुळे माझ्या हाताला जी शिस्त लागली ती कुलूप असते तर लागली नसती, असे मला वाटते. मोठ्या जनावरांच्या कामाला मात्र मी हा चाकू कधी नेलेला नाही. माझी शिकार परवान्याची, हंगामातली आणि पिसांची किंवा फार तर लांब कानांची असते.

फटीच्या घाणीचा आक्षेप सर्वांत खरा आहे. मी काय करतो ते सांगतो, पटले नाही तर तसे लिहावे. मासा झाला की लगेच, रक्त वाळण्याआधी, चाकू थंड पाण्यात उघडमीट करीत धुतो. आधी गरम पाणी घेतले तर रक्त गोठून फटीतच चिकटते, म्हणून गरम पाणी आणि साबण नंतर. मग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खिळ्याभोवती घासतो, बांबूच्या काडीला कापड गुंडाळून स्प्रिंगवरून फिरवतो, अर्धा उघडा ठेवून वाळवतो आणि खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडतो. दहा मिनिटे लागतात. 'पाणकावळा' यांची सुरी दोन मिनिटांत धुऊन होते, हे मान्य. उरलेली आठ मिनिटे मला वाया गेल्यासारखी वाटत नाहीत, हा माझा दोष समजावा.

एकाच चाकूचा हट्ट का, याचे उत्तर मला नीट देता येत नाही. एवढे सांगू शकतो की डब्यात जे असते ते डब्यापाशी असते, आणि मासा किंवा गुंता जेथे असतो तेथे डबा नसतो.

लोहकण

चर्चा वाचून राहवले नाही. घडीच्या चाकूवरील जीव हा काही आजचा प्रकार नाही. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सुमारे पाच-सहाशे वर्षे इतका जुना, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू मिळाला आहे, आणि रोमन काळातील घडीच्या चाकूंच्या मुठींवर तर प्राण्यांची शिल्पे कोरलेली आढळतात. या जुन्या चाकूंमध्ये स्प्रिंग नव्हती. पाते नुसते खिळ्याच्या घर्षणावर उघडे राहत असे. जपानमधील हिगोनोकामी हा घडीचा चाकू आजही त्याच तत्त्वावर चालतो. त्याच्या पात्याच्या मुळाला एक लहानशी पट्टी बाहेर आलेली असते आणि ती अंगठ्याने दाबून धरली की हाताची पकड हेच त्याचे कुलूप होते.

फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी घडवलेला चाकूही सुरुवातीला असाच होता. त्यावर फिरवून लावण्याचे कडे १९५५ मध्ये आले. माझ्याजवळ त्याचा आठ क्रमांकाचा चाकू आहे. त्याची एक खोड सांगण्यासारखी आहे. बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगली की पाते आतच घट्ट बसते आणि नखाने उघडत नाही. तेव्हा कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टणक पृष्ठभागावर ठोकायचे, म्हणजे पाते आपले आपण थोडे बाहेर येते. काठावर बसलेल्या दोघांपैकी कोणाकडे हा चाकू आहे ते मला केवळ ठोकण्याच्या आवाजावरून कळते.

आता पोलादाबद्दल. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले तर त्यावर एक अदृश्य थर तयार होतो आणि गंज थांबतो. धागाकर्त्यांच्या पात्यात तो नाही. तरीही त्यावर निळसर काळी झाक आली असेल तर ती पुसू नये. तीही लोखंडाची संयुगेच आहेत, पण दाट आणि पृष्ठभागाला धरून राहणारी. तांबडा गंज भुसभुशीत असतो, त्यात ओल साठते आणि तो खाली पोखरत जातो. काळी झाक त्याला काही प्रमाणात अडवते. समुद्रावर मात्र तिच्या भरवशावर राहू नये. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड न गंजणाऱ्या पोलादालाही टोचे पाडते, तेथे साध्या कार्बन पोलादाची काय कथा!

दोरीगाठ

मी फक्त एवढेच सुचवीन की कानस लावेपर्यंत टोकावर बाटलीच्या बुचाचा तुकडा खोचून ठेवावा. मी चार वर्षे तसेच करीत आहे आणि दुरुस्ती करायचे विसरून गेलो आहे.

जुना निसणा

बूच ओल धरून ठेवते आणि कार्बन पोलादाचे टोक त्याच्या आत गुपचूप गंजते. 'दोरीगाठ' यांनी ते आज रात्रीच काढून पाहावे.

धागाकर्त्यांनी तेलाचा उल्लेख केला आहे, म्हणून विचारतो, कोणते तेल? स्वयंपाकाचे वनस्पती तेल असेल तर ते थांबवावे. हवेत ते हळूहळू घट्ट होते, त्याची खळ बनते आणि खिळ्यात वाळू धरून ठेवते. आपले पाते डावीकडे हलते त्यामागे झिजेइतकाच या चिकट वाळूचाही हात असू शकतो. खाद्यपदार्थांशी संपर्क चालेल असे शुद्ध खनिज तेल घ्यावे, आणि खरोखरच एक थेंब.

'रानवाट' यांच्या म्हणण्यावर एकच दुरुस्ती सुचवतो. टोक वर येणे ही म्हातारपणाची खूण आहे, आजाराची नव्हे. धार लावून लावून वापरलेल्या प्रत्येक पाठस्प्रिंगच्या चाकूला कधी ना कधी हे होते. ज्याचे टोक कधीच वर आले नाही, तो चाकू वापरलाच गेला नाही असे समजण्यास हरकत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या चाकूंपैकी मला सर्वांत आवडतात ते हेच. कोरे करकरीत चाकू लोक फक्त दाखवायला आणतात.

रानवाट

आपला खुलासा मान्य. मोठ्या जनावराला हा चाकू लावत नसाल तर माझ्या आक्षेपाची धार अर्धी गेली. मात्र टोक पाठीकडून घासण्याच्या पर्यायावर कोणीच काही लिहिले नाही. त्यात किकला हात लावावा लागत नाही आणि चूक झाली तर नुकसानही कमी, नाही का?

जुना निसणा

नुकसान कमी, पण आकार बदलतो. टोकाजवळ पाठ खाली आणली की टोक पोटाच्या दिशेने येते आणि बोथट कोनाचे होते. मासा उघडताना टोक दोन मिलिमीटर आत घालण्याचे जे वर्णन पहिल्या प्रतिसादाआधी वाचले, ते काम तसे टोक करणार नाही असे नाही, पण वेगळ्या रीतीने करील, आणि अंगठ्याच्या खळग्याशी त्याचा मेळ पुन्हा बसवावा लागेल. किक घासल्याने उघड्या चाकूत काहीही बदलत नाही. म्हणून या चाकूपुरती माझी पसंती किकला. पुढे टोक पुन्हा वर आले तर पाठीचा विचार करावा.

काठावरचा

काम झाले, आणि जसे झाले तसे लिहितो.

तेल वनस्पतीचेच होते. आधी खिळ्याभोवती खनिज तेल सोडून दोन दिवस उघडमीट करीत राहिलो, तर आतून तपकिरी चिखल बाहेर आला. तो पूर्ण पुसल्यावर पात्याचे डावीकडे हलणे निम्म्याहून अधिक थांबले. दहा वर्षे मी ज्याला झीज समजत होतो तिच्यातला मोठा वाटा माझ्याच हाताने घातलेल्या तेलाचा होता.

मग शाईची चाचणी केली. सांगितल्याप्रमाणे टाचच स्प्रिंगच्या सर्वांत जवळ होती, पण शाई पुसली गेली नाही. स्प्रिंगवर साध्या कागदाच्या पट्ट्या ठेवून चाकू मिटत गेलो. पाच पट्ट्यांपर्यंत टाच कागदाला लागली नाही, सहाव्या पट्टीवर बारीक रेघ उमटली. म्हणजे अर्धा मिलिमीटर जागा होती. टाच खिळ्यापासून चौदा मिलिमीटरवर आहे, तेव्हा किक ०.२ मिलिमीटर घासली तर टाच ०.३५ मिलिमीटर खाली जाणार. उरलेली जागा पुरेशी वाटली. नखाची खाच मुठीच्या वर तीन मिलिमीटर होती, तिचीही चिंता नव्हती.

साधी कानस खरोखरच घसरली. काचेवर नख ओढावे तसा आवाज आला आणि किकवर ओरखडाही उठला नाही. हिऱ्याच्या कानशीने तीन हात मारले, मिटून पाहिले. पुन्हा तीन, पुन्हा मिटून. असे सात वेळा. सहाव्या खेपेला टोक मुठीच्या कडेला समतल आले आणि तेथेच थांबण्याचा मोह झाला, पण समतल टोकही बोटाच्या मऊ भागाला सापडते, म्हणून आणखी तीन हात मारले. आता टोक कडेच्या खाली अर्धा मिलिमीटर आहे. डोळे मिटून मुठीवरून अंगठा फिरवला तरी ते लागत नाही.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. चाकू मिटतानाचा आवाज बदलला. पूर्वी तो 'टक्' असा कोरडा यायचा; आता थोडा खालच्या सुरात आणि दबका येतो. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी मिटल्यावर मी दचकून पाहत होतो की धार स्प्रिंगवर तर आपटली नाही. शाई लावून पुन्हा दोनदा खात्री केली. आपटत नाही.

काल पहाटे पाण्यावर गेलो होतो. दोन मासे मिळाले, दुसरा चांगला हातभर लांब होता. वहीत त्याची रेषा काढली आणि नेहमीप्रमाणे शेजारी उघडा चाकू ठेवून त्याचीही काढली. 'पाणकावळा' यांच्यासाठी मुद्दाम नमूद करतो की त्यानंतर बांबूच्या काडीला गुंडाळलेले कापड फटीतून तीनदा फिरवले, आणि तिसऱ्यांदा ते पांढरे बाहेर आले.

पाणकावळा

चौथ्यांदा फिरवून पाहावे.

जुना निसणा

काम नीट झाले. आता किकमध्ये घासण्याजोगे काही उरलेले नाही, हे वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवावे, नाही तर पाच-सात वर्षांनी आपण पुन्हा हिऱ्याची कानस शोधू लागाल.

दोरीगाठ

बूच काढले. टोक तांबडे झाले होते. हिऱ्याची कानस कितव्या नंबरची वापरली, ते धागाकर्त्यांनी कृपया लिहावे.

काठावरचा

सहाशेची. पण आधी शाईची चाचणी करावी.